मुंबईत तीन दिवस (शनि-रवि-सोम): लेणी, जंगल आणि फ्लेमिंगो कसं बसवावं?

कृष्णाकाठ

फेब्रुवारीत शनिवार ते सोमवार मुंबईत आहोत, मुक्काम दादरला. पाच जण: आम्ही दोघं, मुलं (९ आणि १३) आणि आई, वय ६२. आई तासभर आरामात चालते, पण उभा चढ नको म्हणते. मॉल, फिल्मसिटी वगैरे नको. कच्चा आराखडा असा:

शनिवार: कर्नाळा
रविवार: नॅशनल पार्क आणि कान्हेरी
सोमवार: घारापुरी (सोमवारी गर्दी कमी असेल म्हणून)

शिवडीचे फ्लेमिंगो कुठेतरी घुसवायचे आहेत, सकाळी जावं की संध्याकाळी? गाडी आणणार नाही. लोकल, एसटी, टॅक्सी चालेल.

खाडीवाला

सोमवारी गर्दी कमी नसते, लेणीच बंद असतात! घारापुरी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद. मुंबईत आधी वार बघायचा, मग जागा ठरवायची.

दुसरी अडचण रविवारची. मध्य आणि हार्बर लाइनवर रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. पश्चिम लाइनवरही कधीकधी ब्लॉक असतो. कुठल्या स्टेशनांदरम्यान ते आदल्या दिवशी जाहीर होतं. कर्नाळ्यासाठी कुर्ल्याला बदलून हार्बरने पनवेल गाठावं लागतं, म्हणून ते रविवारी ठेवू नका. घारापुरीला लोकलचा संबंध चर्चगेट किंवा सीएसएमटीपर्यंतच येतो, तिथून गेटवेला टॅक्सी. म्हणून घारापुरी रविवारी आणि सकाळची पहिली लाँच. ती नऊच्या सुमाराला सुटते. साडेआठला रांगेत असाल तर बारापर्यंत लेणी बघून परतीच्या लाँचमध्ये असाल, आणि नेमकी तेव्हा गर्दी वर चढत असेल.

लाँचला तासभर लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मुलांना आवडेल. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री. आईंना उभा चढ वाटणार नाही, मध्ये दोनदा थांबा म्हणजे झालं. लेणं क्र. १ मधली सदाशिवाची मूर्ती तेवढी बघून लोक लगेच खाली उतरतात. त्याच लेण्यात नटराज, अर्धनारीश्वर आणि कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न) बघायला अर्धा तास राखून ठेवा. लाइफ जॅकेट घालायला सांगतील, घालाच.

सह्यभटक्या

शनिवारी कर्नाळा की कान्हेरी, एकच निवडा. ६२ वर्षांच्या आई आणि नऊ वर्षांचं मूल बरोबर असेल तर मी कान्हेरी म्हणेन.

कर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायला दीड-दोन तास लागतात. वाट जंगलातून जाते, मुळं आणि सुटे दगड फार. वर सुळक्याला मोठी आग्यामोहळं असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यातलं काहीही चालत नाही. पाणी माणशी दोन-अडीच लिटर खालूनच न्यायचं, वरच्या टाक्यांचं पिऊ नये. गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या-पिशव्या मोजून अनामत घेतात, उतरताना तेवढ्याच दाखवल्या की परत मिळते. किल्ला न चढता नुसतं अभयारण्यात फिरायचं तर ते छान आहे, पण दादरहून जाऊन-येऊन चार-पाच तास प्रवासात घालवण्याइतकं नाही.

कान्हेरीचं गणित सोपं आहे. दादरहून बोरिवली फास्ट लोकल, पूर्वेला उतरा, गेट जवळच. गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. सगळ्यांनी चालत जाऊ नका, पाय लेण्यांसाठी राखून ठेवा. आत जायला उद्यानाची बस मिळते. चढतानाच परतीची शेवटची कधी ते विचारून घ्या. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं (१५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचं लागत नाही).

लेणी शंभराहून जास्त आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. हा क्रम धरा:

क्र. ३, चैत्यगृह. व्हरांड्याच्या दोन टोकांना समोरासमोर उभे प्रचंड बुद्ध, सात मीटरच्या आसपास. आत गेल्यावर खांब बघा. काहींवर कोरीव काम पूर्ण आहे, काही नुसते अठकोनी सोडून दिलेत. काम कुठे थांबलं ते डोळ्यांना दिसतं.

क्र. ११, ज्याला दरबार म्हणतात. जमिनीवर लांबच लांब दोन बुटके बाक कोरलेत, असं वेरूळच्या पाचव्या लेण्यात सोडून फारसं कुठे दिसत नाही.

क्र. ४१ मध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर (बोधिसत्त्व), आणि क्र. ९० मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख. ते पारशी प्रवाशांनी अकराव्या शतकात कोरून ठेवलेत. ९० पर्यंत चढ आहे, आई ११ पाशी सावलीत बसल्या तरी चालेल.

आणि पायाखाली बघत चला! खडकात कोरलेल्या बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी दिसतील. वरून येणारं पावसाचं पाणी त्या पन्हळींतून लेण्यांशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्यांत, उतरवलं आहे. डोंगरावर इतके भिक्षू बारा महिने कसे राहत, ते इथे कळतं. मुलांना एक पन्हळ धरून पोढीपर्यंत माग काढायला लावा.

माकडांचं: हातात पिशवी दिसली की ती गेलीच. खाणं पाठीवरच्या चेनच्या सॅकमध्ये ठेवा आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर उघडू नका.

वनवाट

पार्कात शिलोंडासारखी जंगलवाटही करता येते, पण परवानगी आणि वाटाड्याशिवाय नाही. निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंद करावी लागते आणि सकाळी लवकर निघावं लागतं. कान्हेरी आणि शिलोंडा एकाच दिवशी कोंबू नका. इथे बिबटे आहेत आणि ते माणसाला टाळतात, तरी अंधार पडायच्या आत गेटबाहेर असा, नऊ वर्षांच्या मुलाला पुढे किंवा मागे एकटं सोडू नका. फेब्रुवारीत काटेसावर फुललेली असते, बसच्या रस्त्यानेच दिसेल.

खाडीवाला

आता फ्लेमिंगो. सकाळ की संध्याकाळ हा प्रश्न नाही, भरती कधी हा आहे. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी क्षितिजावर गुलाबी रेघ होऊन बसतात, दुर्बिणीतूनही मजा नाही. पाणी चढू लागलं की ते चिखलाच्या कडेकडेने धक्क्याजवळ सरकतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून जातात. म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास तुमचे.

पूर्ण भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब: तिथी गुणिले पाऊण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पक्षांत तोच, दिवसातून दोनदा. अर्धा तास इकडेतिकडे होतो, नेमकं भरतीच्या तक्त्यात बघा.

कृष्णाकाठ

कालनिर्णयात बघितलं, त्या सोमवारी पंचमी. म्हणजे पावणेचार? मग सोमवारी दुपारी शिवडी?

खाडीवाला

बरोबर. दीडला धक्क्यावर पोचा, तीनपर्यंत थांबा. तिथून पूर्वेकडे बघायचं असतं, त्यामुळे दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि रंग खरे दिसतात. सकाळी पक्षी काळपट दिसतात. दादरहून थेट टॅक्सी करा. शिवडी स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं आहेत, पण रस्ता ट्रकचा आणि धुळीचा. धक्क्यावर सावली, पाणी, स्वच्छतागृह यातलं काही धरून चालू नका. टोप्या घ्या. अटल सेतू तिथूनच निघतो, तोही डोळ्यांसमोर असेल.

पक्षी कमी दिसले तर निराश होऊ नका, भरतीला बरेच थवे पलीकडे नवी मुंबईच्या पाणथळींवर जातात. जवळून बघायचेच असतील तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, पण तिच्या वेळाही भरतीवर ठरतात आणि जागा आधी राखावी लागते.

सह्यभटक्या

सोमवारची सकाळ मोकळी राहते. मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानाजवळ झाडांतून जाणारा उंचावरचा लाकडी मार्ग २०२५ मध्ये सुरू झालाय, ४८५ मीटर, सपाट, आईंसाठी उत्तम. सकाळी पाचपासून उघडा, भारतीयांना २५ रुपये. स्लॉट ऑनलाइन घ्यावा लागतो, गेटवर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. सातचा घ्या: कावळ्या-घारींशिवायही पक्षी असतात आणि काचेच्या सज्जावरून गिरगाव चौपाटी स्वच्छ दिसते. अर्ध्या तासात होतो. तिथून बाणगंगेला टॅक्सीने जा. तळ्याच्या पायऱ्या झिजलेल्या आणि ओलसर असतात, आईंना वरच बसवा.

कृष्णाकाठ

ठरलं. शनि कान्हेरी, रवि पहिल्या लाँचने घारापुरी, सोम मलबार हिल, बाणगंगा आणि दीडला शिवडी. कर्नाळा पुढच्या वेळी, आईशिवाय. रविवारी पश्चिम लाइनला ब्लॉक असला तर गेटवेला कसं जावं?

खाडीवाला

दादरहून सकाळी सातच्या आत निघालात तर ब्लॉक सुरूच झालेला नसतो. प्रश्न परतीचा. चारच्या आधी निघालात तर सीएसएमटी किंवा चर्चगेटहून जी लाइन चालू असेल ती धरा, दादर दोन्हींवर आहे.