सही करण्याआधी हे विचारा

आपल्या नागपुरातला फुटबॉल क्लब मैदानामागची पडीक जागा बॅटरी साठवणुकीला (कंटेनरमधल्या मोठ्या बॅटऱ्यांत वीज साठवायला) भाड्याने देतोय आणि वस्तीकडून सह्या मागतोय, त्यावर लोकांत "स्फोट होईल" आणि "काही होत नाही" असं चाललंय. दोन्ही अर्धवट आहे.

बॅटरीतले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतील तर पेटण्याचा धोका निकेल-कोबाल्टवाल्यांपेक्षा कमी, पण शून्य नाही. सेल बिघडून तापला की हायड्रोजनसकट ज्वलनशील वायू सुटतात आणि बंद कंटेनरमध्ये साचतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात अशाच बॅटरी केंद्राचं दार उघडल्यावर स्फोट झाला, अग्निशमन जवान जखमी झाले. म्हणून वायूचे सेन्सर, आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट आणि छतावर दाब सोडणारी पॅनेलं आराखड्यात दाखवा म्हणावं. एक पेटला तर शेजारचे कंटेनर गार ठेवायला भरपूर पाणी लागतं. टाकी किती लिटरची, आणि ते घाण पाणी मैदानाच्या बोअरकडे तर जाणार नाही ना?

नागपूरला खरी परीक्षा मे महिन्यात. ४५ अंशांत चिलर (बॅटऱ्या गार ठेवणारं यंत्र) रात्रीही थांबत नाही. लोकांची झोपमोड त्याच्या आणि इन्व्हर्टरच्या पंख्यांच्या आवाजाने होते. या यंत्रांची तोंडं घरांकडे नकोत.

शिवाय काळी माती. भरलेला वीस फुटी कंटेनर ३० टनांवरही जातो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसता स्लॅब टाकला तर कलतो आणि केबलच्या जोडांवर ताण येतो. माती काढून मुरूम दाबून भरा, नाहीतर पाइल (खोल जाणारे पायाचे खांब) घ्या.

भाड्याचं नंतर बघू. मुदत संपल्यावर बॅटऱ्या उचलण्याचा खर्च कोण आगाऊ बाजूला ठेवणार, हे आधी करारात लिहून घ्या. मधेच कंपनी विकली गेली की घोडं इथेच अडतं.