मदत हवी आहे: अडथळे रँडम ठेवू की ठरावीक?

मंडळी, ब्राउझरमध्ये चालणारा साधा उड्या मारायचा गेम बनवतोय. वेग भरभर वाढवला की नवखे लगेच बाद होतात, हळू वाढवला तर सराईत लोक पुन्हा फिरकत नाहीत. क्रोम ब्राउझरमध्ये इंटरनेट नसताना दिसणाऱ्या डायनासोरच्या गेममध्येही वेग एका मर्यादेपर्यंत वाढत जातो, पण हरल्यावर एका बटणात परत सुरुवात, म्हणून चिडचिड होत नाही. तेवढं मीही केलंय.

खरी अडचण अडथळ्यांची. पूर्ण रँडम ठेवले तर कधीकधी पार करणं अशक्यच अशी जोडी येते. ठरावीक ठेवले तर पाठ होतात. २०४८ नावाच्या, सारखे आकडे जोडायच्या गेममध्ये नवा आकडा ९० टक्के वेळा २ असतो, एरवी ४. असा मोजूनमापून रँडमपणा हवाय. अडथळ्यांचे तयार तुकडे करून पत्त्यांसारखे पिसावेत का? आणि वेगाला कमाल मर्यादा कशी ठरवता? (खेळाडू बघून गेम सोपा करणं नको, मग स्कोअरची तुलनाच होत नाही.)