वापरलेली लक्झरी कूपे निवडताना : आपले अनुभव लिहा

ठाणे (धागाकर्ती)

दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी घ्यावी ही आम्हा दोघांची फार जुनी इच्छा आहे. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यामुळे आता मागच्या आसनांची गरज उरलेली नाही. नव्या कूपे भारतात मोजक्याच येतात आणि त्यांच्या किमती आमच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून पाच ते आठ वर्षे वापरलेली गाडी पाहत आहोत. तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी, मर्सिडीज-एएमजी सी ४३ कूपे आणि फोर्ड मस्टँग ही तीन नावे सध्या यादीत आहेत. कोणती गाडी चांगली, यापेक्षा आपण अमुकच गाडी का निवडली, पाहताना काय तपासले, काय बघून नको म्हटले आणि घेतल्यानंतर खर्च कुठे झाला, हे सविस्तर वाचायला मिळाले तर फार मदत होईल. परदेशात राहणाऱ्यांनीही जरूर लिहावे.

पुणे

आमच्याकडे टीटी आहे. २०१५ साली ती भारतात आली तेव्हा तिची किंमत साठ लाखांच्या घरात होती. वापरलेली गाडी त्या किमतीच्या बऱ्याच खाली मिळते, पण तिचे सुटे भाग आणि तेले मात्र साठ लाखांच्या गाडीचीच राहतात, हा हिशेब आम्ही आधीच मांडला होता. या गाडीचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स सहा गतींचा आहे, त्याचे क्लच तेलात चालतात आणि ते तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचे तेल वेगळे असते आणि नेमके तेच पुष्कळ मालक विसरतात. म्हणून आम्ही पाहिलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाकडे पहिली मागणी केली ती या दोन तेलांच्या बिलांची. ज्याच्याकडे ती होती, त्याचीच गाडी घेतली, जरी तिचा रंग आमच्या पसंतीचा नव्हता आणि तिचे रनिंगही इतरांपेक्षा जास्त होते.

कागदपत्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्त वाटणाऱ्या कूपे बहुधा दुसऱ्या राज्याच्या पासिंगच्या असतात. दिल्लीत डिझेल गाड्यांवर १० आणि पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ साली कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या गाड्यांचे भाव पडलेले दिसतात. पुदुच्चेरीत कर कमी म्हणून तिथे नोंदवलेल्या गाड्याही बाजारात येतात. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ आपल्या राज्यात ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथे नव्याने नोंदणी करावी लागते, मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे सारे धरून बेरीज केली, तेव्हा आम्हाला एमएच पासिंगची गाडीच परवडते असे दिसले.

मुंबई, दादर

माझ्या लेखी या शहरात पावसाइतका कडक परीक्षक नाही. २६ जुलै २००५ नंतर पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विक्रीला आल्या होत्या आणि आजही प्रत्येक मोठ्या पावसानंतर तेच घडते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाशी चिखलाची रेघ राहते. आसन मागेपुढे सरकवण्याच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजले आहेत का, स्टेपनीच्या जागेतील गालिच्याखाली माती आहे का, हेही पाहावे.

कूपेच्या दारांबद्दल वेगळे सांगायला हवे. बहुतेक कूपेंच्या दारांना काचेभोवती चौकट नसते. दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते आणि दार लावले की पुन्हा वर जाऊन रबरात बसते. मी पाहायला गेलेल्या एका गाडीची उजवी काच खाली सरकतच नव्हती. दार लावताना ती रबराच्या कडेवर घासत होती आणि तिथे रबर सोलवटून आतला करडा थर दिसत होता. आसनाशेजारचा गालिचा दाबला तर ओला लागला. विकणाऱ्याच्या मते ते किरकोळ काम होते. मात्र त्याच गालिच्याखाली वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग असू शकतात, म्हणून मी ती सोडली. नंतर घेतलेल्या गाडीची दोन्ही दारे मी पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिली होती.

लंडन

इथे खरेदीदाराला एक मोठी सोय आहे. तीन वर्षांवरील गाडीला दरवर्षी एमओटी ही तपासणी करावी लागते आणि केवळ नंबर टाकून त्या गाडीच्या जुन्या तपासण्या, प्रत्येक वेळचे रनिंग आणि तपासनिसाचे शेरे कुणालाही फुकट पाहता येतात. सलग तीन वर्षे ‘मागचे बुश (सस्पेन्शनच्या जोडांतील रबरी भाग) झिजले आहेत’ असा शेरा असेल, तर तो मालक काम टाळत आला आहे हे तिथेच कळते.

मी बीएमडब्ल्यूची ४ सीरीज घेतली आणि डिझेल विचारपूर्वक टाळली. सुरुवातीच्या ४२०डी गाड्यांत एन४७ इंजिन होते, ज्याची टायमिंग चेन (वाल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने ती बदलणे फार खर्चाचे आहे आणि ती लवकर झिजण्याबद्दल हे इंजिन ओळखले जाते. शिवाय २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारे क्षेत्र, संपूर्ण लंडनला लागू झाले आहे. युरो ६ या प्रदूषण मानकाच्या खालच्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात, पेट्रोलला मात्र युरो ४ पुरते. रोज गाडी काढणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

न्यू जर्सी

इथला शत्रू म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ. वरून आरशासारखी चमकणारी गाडी लिफ्टवर चढवली की ब्रेकच्या नळ्या आणि एक्झॉस्टचे जोड गंजलेले दिसतात. त्यामुळे शक्यतो दक्षिणेकडच्या राज्यांत वापरलेली गाडी मी शोधत होतो.

बीएमडब्ल्यूच्या ट्विन टर्बो ३३५आय कूपेने मला अनेक वर्षे भुरळ घातली होती. तिच्या हाय प्रेशर फ्युएल पंपासाठी कंपनीने २०१० साली अमेरिकेत रिकॉल (सदोष भाग बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावणे) जाहीर केला होता, म्हणून तो बदलल्याची नोंद नसलेल्या गाड्या मी पाहिल्याच नाहीत. शेवटी लेक्सस आरसी ३५० घेतली. तिचे ३.५ लिटरचे व्ही६ इंजिन टर्बोविना आहे. त्यात इंधन सिलिंडरमध्ये थेट आणि इनटेक पोर्टमध्येही, म्हणजे वाल्व्हच्या आधीच्या हवेच्या वाटेतही, सोडले जाते, त्यामुळे वाल्व्हवर काजळी साचण्याचा त्रास कमी होतो. वळणावर ती जर्मन गाड्यांइतकी चपळ नाही, हे मान्य करायला हवे. पण मला गाडी पंधरा वर्षे ठेवायची आहे.

भारतात परतताना गाडी घेऊन येऊ, असा विचार कुणी करत असेल तर तो सोडावा. भारतात आणायची वापरलेली गाडी उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते.

कोल्हापूर

मस्टँग जीटी २०१६ पासून भारतात उजव्या स्टिअरिंगची मिळत असे. तिचे पाच लिटरचे व्ही८ इंजिन टर्बोविना असल्याने समजायला सोपे आहे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे घेण्यापूर्वी सुटे भाग किती दिवसांत मिळतील हे सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारावे. आमच्याकडचे गतिरोधक ती तिरपी घेतली तर ओलांडते. खरी अडचण पार्किंगमध्ये येते, कारण दारे इतकी लांब आहेत की शेजारी गाडी उभी असल्यास ती पुरेशी उघडत नाहीत. आपल्या सोसायटीच्या जागेत टेप लावून मोजा.

पिंपरी (गॅरेजचालक)

गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला सांगावे की इंजिन थंडच ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावावा, तो गरम असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. टर्बोची धाप, चेनचा खडखडाट, निळा धूर हे सारे थंड इंजिनच्या पहिल्या मिनिटातच ओळखू येते. मग गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. बिघाडाचा एकही कोड नाही, पण इंजिनच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात, याचा अर्थ मेमरी नुकतीच पुसली गेली आहे किंवा बॅटरी काढली होती. पुष्कळ गाड्यांत रनिंगची नोंद मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही राहते, तीही जुळवावी. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. रनिंग कमी असलेल्या कूपेंवर नक्षी शाबूत पण रबर कडक झालेले टायर नेहमी आढळतात. रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतील तर चारही नव्यांचा भाव काढून तो व्यवहारातून वजा करून मागावा. धागाकर्तीताई, सी ४३ पाहायला जाल तेव्हा पुढच्या आणि मागच्या टायरचे माप वेगळे आहे का तेही पाहा. वेगळे असेल तर पुढचे मागे फिरवता येत नाहीत आणि मागची जोडी लवकर संपते.