लांब वळणावर तेलाचा दाब पडतो: उपाय कोणता?

प्रश्न (मडगाव): कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेण्यासाठी तयार केलेल्या माझ्या जुन्या हॅचबॅकला सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जास्त पकडीचे) टायर बसवल्यापासून लांब वळणावर तेलदाबाचा काटा क्षणभर पडतो आणि सरळ रस्त्यावर पूर्ववत होतो. तेल थोडे जास्त भरल्यास भागेल काय?

उत्तर (फोंडा): पकड वाढली की वळणावरचा पार्श्व (बाजूच्या दिशेचा) प्रवेगही वाढतो. तो १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका) झाला की चेंबरमधील (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रातील) तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो, तेल पंपाकडे ओढणाऱ्या पिकअप नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढू लागतो. अशा वेळी बेअरिंगमधील तेलाचा थर तुटून काही सेकंदांतच इंजिन निकामी होऊ शकते. डॅशबोर्डवरील लाल दिव्यावर विसंबू नये, कारण दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो.

उत्तर (वास्को): किंचित जास्त तेलाने थोडा आधार मिळतो; मात्र फार भरल्यास क्रँक (इंजिनातील फिरता दांडा) ते घुसळून फेस करतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. खरा उपाय म्हणजे पिकअपभोवती पत्र्याचे आडपडदे आणि आतल्या बाजूसच उघडणाऱ्या झडपा बसवणे. तत्पूर्वी आपल्याकडच्या गतिरोधकांवर आपटून चेंबर पिचलेला नाही ना, हे पाहावे.

उत्तर (डिचोली): तरीही काटा पडल्यास तेल दाबाखाली साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर जोडावा. ड्राय संप (तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) सर्वोत्तम खरा, पण या गाडीसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो.