'तटस्थ' की 'निःपक्षपाती'?

माहुलीकर (सातारा): नव्या तलाठ्यांच्या (कागदोपत्री आता ग्राम महसूल अधिकारी) प्रशिक्षणासाठी टिपण लिहितोय. 'कर्मचाऱ्याने राजकीयदृष्ट्या तटस्थ राहावे' असं वाक्य होतं. एका मुलीने विचारलं, "सर, तटस्थ म्हणजे नुसतं बघत बसायचं?" शब्द बदलावा का?

कृष्णाकाठ (सांगली): बदलाच. तट म्हणजे काठ आणि तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलावर पाणी बघायला गर्दी करणारे तटस्थ होते. पंचनाम्याचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरणारा तलाठी नव्हे. दुसरी अडचण अशी की आपल्याकडे 'तट' म्हणजे गटसुद्धा. गावात दोन तट पडले म्हणतो ना? मग 'तटस्थ' शब्दाचा विनोदी अर्थ 'एका तटात स्थिर झालेला' असाही निघतो, आणि असे तटस्थ प्रत्येक तालुक्यात आहेत!

वाईची: 'निःपक्षपाती' बरा. तो कुठे उभं राहायचं ते सांगत नाही, कसं वागायचं ते सांगतो. शिवाय माहुलीकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस तटस्थ कसला? तटस्थ असता तर गप्प बसला असता. म्हणून आपण 'रामशास्त्री बाणा' म्हणतो, 'रामशास्त्री तटस्थता' कोणी म्हणत नाही.

निवृत्त अव्वल कारकून (मिरज): ताई, रामशास्त्री न्यायाधीश होते. त्यांच्या हाती निकाल होता, आमच्या हाती टिपणी. सरकार कोणत्याही पक्षाचं असो, त्याचं धोरण मनापासून राबवायचं, ही आमची नोकरी. आपल्याला ते पटतं की नाही हा प्रश्नच नाही. पण 'यादीत ही दोन नावं घाला, साहेबांची माणसं आहेत' हे धोरण नव्हे. तेव्हा एकच वाक्य कामाला यायचं: 'लेखी द्या, आदेशार्थ सादर करतो.' फोन तिथेच थंड व्हायचा. कधी कधी बदलीही व्हायची, ते वेगळं.

कृष्णाकाठ: बदलीचा कायदा आहे की. 2005 चा. साधारण तीन वर्षं एका जागी, बदल्या एप्रिल-मे मध्ये, मुदतीआधी करायची तर कारणं लेखी नोंदवून आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन.

निवृत्त अव्वल कारकून: आहे. आणि 'प्रशासकीय निकड' हा शब्दही आहे. त्याच्यावर एकदा वेगळी शब्दचर्चा काढा, पुष्कळ माल मिळेल. ज्याच्यात दम असतो तो मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातो, बाकीचे बोचकं बांधतात.

वाईची: तोंडी आदेशांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. 2013 च्या टी. एस. आर. सुब्रमणियन निकालात तोंडी सूचनांची नोंद ठेवायला सांगितलं आहे. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांत 'राजकीय तटस्थता' स्पष्ट शब्दांत आली ती मात्र 2014 च्या दुरुस्तीने.

माहुलीकर: म्हणजे नियमाच्या भाषेत तटस्थता रुळलेली आहे. सगळीकडून काढता येणार नाही.

वाईची: नका काढू. पक्षाचं सभासदत्व, प्रचार यांपुरता तो चपखल आहे. राज्याच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत तेच आहे: मत द्या, पण कुणाला देणार किंवा दिलं ते दाखवू नका. इथे काठावर राहणंच अपेक्षित आहे. टेबलावर फाइल आली की मात्र निःपक्षपाती.

कृष्णाकाठ: 'निष्पक्ष' चालेल का? आटोपशीर आहे.

वाईची: चालेल, पण कानाला हिंदी बातम्यांसारखा लागतो. आणि पक्ष नसणं वेगळं, पक्षपात न करणं वेगळं. तलाठ्याच्या मनात एखादा पक्ष असेलही, सातबाऱ्यावर नोंद घालताना तो मध्ये येऊ नये एवढंच.

माहुलीकर: मग असं लिहितो: 'निवडणुकीत तटस्थ राहावे, कामात निःपक्षपाती असावे, तोंडी आदेश लेखी मागावा.'

निवृत्त अव्वल कारकून: तिसरं वाक्य ठळक टाइपात घ्या. आणि 'मागावा'च्या आधी 'नम्रपणे' घाला, पोरं नवी आहेत.