स्तोत्र 91 आईला ऐकवत नाही. स्मरणसभेत कोणतं वचन वाचू?

नगरची_धाकटी

सर्वांना सलाम. माझा थोरला भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येत होता, मागून ट्रक आला. पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, म्हणून घरीच प्रार्थनासभा ठेवली आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बायबलातलं वचन घरच्यांनी निवडावं आणि घरच्यांनीच वाचावं. घरचं म्हणजे मीच. वहिनी नको म्हणाली आणि आईला विचारायची सोय नाही.

अडचण अशी आहे की आमच्या दारावर चौकटीत स्तोत्र 91 लावलेलं आहे. आईनं लग्नाआधी वसतिगृहात असताना भरलेलं, हिरव्या दोऱ्याचे दोन पंख आणि त्याखाली देवाच्या पंखांखाली आश्रय मिळेल ही त्यातली ओळ. आम्ही कुणीही बाहेर पडलो की ती ते स्तोत्र पुटपुटायची. दादा त्या संध्याकाळी कामावर निघाला तेव्हाही पुटपुटली असणार. त्यात पुढं येतं ना, तुझ्या बाजूला हजार पडतील, उजवीकडं दहा हजार, पण तुझ्यापर्यंत ते येणार नाही. कोरोनात हे स्तोत्र आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर रोज फिरायचं आणि त्याच मंडळीतली माणसं आम्ही पुरत होतो. तेव्हा आईनं काही विचारलं नाही. आता विचारते, "मग माझा पोरगा त्याला दिसला नाही का?"

चौकट मात्र काढू देत नाही. फक्त भेटायला आलेल्या कुणी ती ओळ म्हटली की उठून आत जाते. आणि लोक तीच ओळ म्हणतात! नात्यातल्या एका मावशीनं तर "विश्वासात कुठं तरी कमी पडलं असेल" असं तोंडावर सांगितलं. मी त्या मावशीला चहासुद्धा विचारला नाही.

देव जवळ घेतो, सांभाळतो, पंखाखाली घेतो, अशी वचनं शास्त्रात पुष्कळ आहेत. पोटचा मुलगा गेलेल्या बाईसमोर त्यातलं कोणतं वाचता येईल? नुसते अध्याय आणि आकडे नकोत, तेच का ते लिहा. ज्यांनी असं काही सोसलंय त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

शालोम_पुणे

ताई, स्तोत्र 23 वाचा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." याहून मोठा आधार नाही. प्रार्थनेत आठवण ठेवतो.

नगरची_धाकटी

धन्यवाद दादा. पण ते दफनाच्या वेळी झालं. आईला ते आता कबरस्तानातलंच वाटतं.

गुरुजी_नेवासे

सलाम. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, नेवाशाकडं वस्तीवर राहतो. माझी मुलगी चौथीत असताना तापानं गेली. त्याला आता खूप वर्षं झाली, पण तुमच्या आईचा प्रश्न आमच्याही घरात होऊन गेला आहे.

आधी त्या मावशीचं बघू. मत्तय 4 उघडा. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, दूत तुला हातांवर झेलतील, असं लिहिलेलंच आहे. कुठं लिहिलं आहे? याच 91 मध्ये, अकरा आणि बारा. येशूनं उडी टाकली नाही. "मला काही होणारच नाही" अशी हमी म्हणून ते स्तोत्र वापरायचं त्यानं नाकारलं. आता त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची मावशीची तयारी आहे का, तेवढं विचारा.

आता पंखांकडं येतो. लूक 13 मध्ये परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, येऊन सांगतात, इथून निघून जा, सत्ताधीश हेरोद तुला मारायला टपला आहे. येशू हेरोदाला कोल्हा म्हणतो. आणि लगेच पुढं यरुशलेमेला म्हणतो, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुझ्या लेकरांना जवळ घ्यावं असं मला कितीदा वाटलं. शास्त्रात देवाला शोभतील असे तगडे प्राणी थोडे नाहीत. अनुवाद नावाच्या पुस्तकात 32 मध्ये गरुड आहे, होशेय 11 मध्ये गर्जणारा सिंह आहे. त्यानं स्वतःसाठी कोंबडी निवडली, आणि तीही कोल्ह्याचं नाव घेतल्यावर. आमच्या वस्तीवर कोल्हं येतं. त्याच्यापुढं कोंबडीचं काय चालतं ते मी सकाळी गोळा केलेल्या पिसांवरून सांगू शकतो.

माझ्याकडं गावठी कोंबड्या आहेत. खुडूक बसली की एकवीस दिवसांनी पिलं निघतात. पहिले काही आठवडे त्या पिलांना स्वतःच्या अंगची ऊब धरता येत नाही. म्हणून ती दिवसातून कितीतरी वेळा आईखाली शिरतात, घार असो वा नसो. लोकांना पंख म्हटलं की घारच आठवते. पण पंखाचं बहुतेक काम थंडीचं. घार आलीच तर कोंबडी वेगळाच आवाज काढते, पिलं धावतात, पण सगळी पोचतातच असं नाही. यंदा एक पिलू घारीनं माझ्यादेखत उचललं. कोंबडी अंगावर धावून गेली, तिला जेवढं उडता येतं तेवढी उडाली. मग येऊन उरलेल्यांवर बसली ती दिवसभर दाण्यालाही उठली नाही.

मी यातून सिद्धान्त काढत नाही, पाळक लोक मला रागावतील. एवढंच सांगतो की माझी पोर गेल्यावर सर्वसमर्थ देवाशी बोलायला मला तोंड नव्हतं. या कोंबडीशी बोलता आलं.

सभेत मात्र हे वचन घेऊ नका. त्याचा शेवट "पण तुमची इच्छा नव्हती" असा आहे. मावशी तेवढंच धरून बसेल.

थोमा_नाशिक

मला ही पंखांची वचनं कधी लागू पडली नाहीत. बायको गेली तेव्हा मी स्तोत्र 88 वाचायचो. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी तरी स्तुतीवर येतात, हे अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलं आहे. सभेत वाचलं तर लोक खुर्च्यांवर चुळबुळ करतील. करू द्यात.

वसईची_रोझ

आमच्या कॅथलिक रीतीत 91 हे रविवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत येतं. रीत फार जुनी. संत बेनेडिक्टच्या मठनियमातही रात्रीला हेच स्तोत्र आहे, फक्त त्यांच्या मोजणीत ते 90 वं. म्हणजे दिवस कसाही गेला असो, जे झालं ते होऊन गेल्यावर म्हणायचं. तुमच्या आई ते घराबाहेर पडताना म्हणत आल्या. मला दोन्ही बरोबर वाटतं, पण दिवसाअखेर म्हटलं की ते वेगळं लागतं.

गुरुजींच्या कोंबडीवरून आठवलं. यरुशलेमेत जैतुनाच्या डोंगरावर, येशू शहराकडं बघून रडला त्या प्रसंगाचं एक छोटं चर्च आहे, दोमिनुस फ्लेवित. बार्लुझ्झी या इटालियन वास्तुविशारदानं 1955 च्या सुमारास बांधलेलं, वरून अश्रूच्या थेंबासारखं दिसतं. यात्रेत आम्हाला तिथं नेलं होतं. वेदीच्या दर्शनी बाजूला रंगीत तुकड्यांची कोंबडी आहे, डोक्याभोवती तेजोवलय, पंख पसरलेले आणि खाली पिलं. आमच्या गटातले दोघे-तिघे हसले. कोंबडीला वलय बघून हसू येतंच. आमचे फादर काही बोलले नाहीत, तिथंच मिस्सा या उपासनेला उभे राहिले.

पंढरीचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. बोलू का? नामदेवांचा अभंग आहे, "पक्षिणी प्रभाती चारियासी जाये, पिलू वाट पाहे उपवासी." त्यात आई घरट्यात नाहीच. पिलू उपाशी बसलंय, ती येईल म्हणून. माझे वडील गेले तेव्हा आजी हाच अभंग म्हणायची आणि मध्येच विठोबाला शिव्या द्यायची. आम्हाला कुणालाच ते वावगं वाटलं नाही. तुमच्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं आहे, तेव्हा हे तुम्हाला अगदी परकं नसावं.

उषा_जालना

धाकटे, मी दोन लेकरं पुरली आहेत, म्हणून थेट सांगते. यशया 49 घे. सगळे पंधरावं वचन वाचतात, आई तान्ह्या बाळाला विसरेल काय, ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. छान आहे, भेटकार्डांवर असतं. तू चौदाव्यापासून वाच. तिथं सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते, परमेश्वरानं मला सोडलं आहे, प्रभू मला विसरला आहे. म्हणजे आधी तुझ्या आईचा प्रश्न आहे आणि मग उत्तर. आणि उत्तरात देव तिला असं बोललीसच कशी म्हणून झापत नाही. तळहातावर तुला कोरून ठेवलंय म्हणतो.

बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजानं यरुशलेम जाळून माणसं धरून नेली, त्या लोकांसाठीचं हे बोलणं आहे. ज्यांच्यावरून संकट टळलं त्यांच्यासाठी नाही. अध्याय पुढं वाचलास तर एकविसाव्यात लेकरं गमावलेली बाई बोलताना दिसेल. ते सभेत नको, नंतर दोघीच असाल तेव्हा वाच. आणि वाचताना घाई करू नकोस, चौदाव्यानंतर थांब. लोकांना वाटू दे तू ओळ विसरलीस.

नगरची_धाकटी

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला उषामावशींनी सांगितल्याप्रमाणे चौदापासून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे बायबलात आहे?" पन्नासेक वर्षं रोज बायबल वाचणारी बाई! मग चष्मा मागून घेतला आणि स्वतः वाचलं. उठून आत गेली नाही.

गुरुजी, तुमची कोंबडीही सांगितली. आई लहानपणी डालग्यातल्या कोंबड्या सांभाळायची. ती म्हणाली, "त्यांना सांग, त्या दिवशी उठत नाही हे खरं. पण दुसऱ्या दिवशी उठते, उरलेली उपाशी असतात ना." नात्यातल्या त्या मावशीबद्दल मात्र काही बोलली नाही, तिलाही बोलाव एवढंच म्हणाली. आता चहा करावा लागणार.

यशया 49, 14 ते 16 ठरलं. वहिनी म्हणते तीच वाचेल. थोमादादा, 88 मी माझ्यासाठी ठेवलंय. गीत अजून ठरायचं आहे, दादाला ढोलकीवरचं आवडायचं, कुणाला सुचलं तर इथं टाका.

गुरुजी_नेवासे

आईंना सलाम सांगा. दुसऱ्या दिवशी उठली होती, बरोबर आहे त्यांचं. सभेची तारीख आणि वेळ कळवा. आमच्याकडून सकाळची एसटी मिळते, आणि ढोलकी माझ्याकडं आहे.