व्याख्यान पदवीच्या मुलांसाठीच राहू द्या

वरती एकांनी सुचवलंय की बडोद्यातलं गणिताचं वार्षिक स्मृतिव्याख्यान संशोधकांच्या पातळीवर न्यावं, म्हणजे मोठी नावं येतील. मला हे अजिबात पटत नाही.

एस.वाय.ला असताना सयाजीराव विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत मी असंच एक व्याख्यान ऐकलं. प्रश्न एकच: १ + १/४ + १/९ + १/१६… ही बेरीज किती? वक्त्यांनी आधी आम्हालाच बेरजा करायला लावल्या. दहा पदांना १.५५ च्या आसपास. हजार पदांनंतरही खरं उत्तर जवळपास ०.००१ ने पुढेच. मग गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये काढलेलं उत्तर फळ्यावर आलं: पायचा (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) वर्ग भागिले सहा. वर्तुळाचा मागमूस नाही आणि पाय! त्याने त्रिकोणमितीतल्या साइनची अनंत श्रेणी साध्या बहुपदीसारखी अवयवांत फोडली होती. "असं चालतं का?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं आणि पुढचा अर्धा तास त्यातच गेला. (ऑयलरच्या काळातही हा आक्षेप आला होता, पुढे त्याने चोख सिद्धता दिली.) त्या अर्ध्या तासामुळे मी एमएस्सीला गणित घेतलं.

संशोधकांना सेमिनार आहेतच. आणि हो, गुजराती-मराठीतून विचारलेले प्रश्नही आवर्जून घ्या.